बौद्धिक संपदेची वकिली

45 मिलिमीटर आणि 70 मिलिमीटर या दोन मापांच्या दरम्यानच्या जागेवरून देशातील दोन मातब्बर दुचाकी कारखानदार कित्येक वर्षे न्यायालयात झगडत होते, असे सांगितले तर यंत्रशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकाला ते सहसा खरे वाटणार नाही. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवून इंधनाचे ज्वलन अधिक जलद व अधिक पूर्ण करण्याची जी युक्ती पुण्याच्या बजाज ऑटोने सिद्ध केली, तिच्या पेटंटात सिलिंडरच्या व्यासाची ही मर्यादा लिहिलेली होती. आणि 2007 साली दक्षिणेतील टीव्हीएस कंपनीने दोन प्लग व तीन व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाची मोटारसायकल बाजारात आणण्याचे जाहीर करताच, तिसऱ्या व्हॉल्व्हमुळे ते इंजिन मुळातच निराळे ठरते की नाही, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे उभा राहिला. फेब्रुवारी 2008 मध्ये एकल न्यायाधीशांनी टीव्हीएसविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला, पुढच्या वर्षी खंडपीठाने तो उठवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, सप्टेंबर 2009 मध्ये, त्या न्यायालयाने पेटंट, ट्रेडमार्क व कॉपीराइट यांचे दावे तारखांवर तारखा न देता सलग चालवावेत आणि सामान्यतः चार महिन्यांत निकालात काढावेत, असे देशातील सर्वच न्यायालयांना बजावले.

अशा खटल्यांची वर्णने वाचून तरुण मंडळी बौद्धिक संपदेच्या वकिलीकडे आकृष्ट होतात, हे स्वाभाविक आहे. परंतु या व्यवसायाचे खरे मर्म न्यायालयातील युक्तिवादात नसून, त्याच्या कितीतरी वर्षे आधी, संशोधकाशेजारी बसून तयार केलेल्या मसुद्यात असते, असे माझे मत आहे. पेटंटाच्या अर्जाला जोडलेल्या दस्तऐवजाचे मुख्य भाग दोन: पहिल्यात शोधाचे सविस्तर वर्णन असते, इतके सविस्तर की त्या विद्येतील जाणकाराला ते वाचून तीच वस्तू करता आली पाहिजे, आणि दुसऱ्यात क्रमांक घातलेली वाक्ये असतात, ज्यांना व्यवसायात ‘क्लेम’ म्हणतात आणि ज्यांच्या पलीकडे पेटंटधारकाचा कसलाही हक्क चालत नाही. कायद्याने संरक्षण मिळते ते केवळ या वाक्यांना. शेताची हद्द आखणाऱ्याने बांध हातभर बाहेर घातला तर शेजारी फिर्याद करतो आणि हातभर आत घेतला तर स्वतःची जमीन जाते, तशीच या वाक्यांची स्थिती असते: वाक्य ऐसपैस लिहिले तर जगातील कोणत्या तरी जुन्या नियतकालिकातील उतारा पुढे करून प्रतिपक्ष ते रद्द करवतो, आणि आखूड लिहिले तर एक स्क्रू इकडचा तिकडे करून तो सुखरूप निसटतो. व्यासाची मर्यादा 45 पासून सुरू करावी की 40 पासून, प्लगची जागा शब्दांत बांधावी की मोकळी सोडावी, व्हॉल्व्हच्या संख्येचा उल्लेख करावा की त्याविषयी मौन पाळावे, हे निर्णय एखादा वकील संशोधकाला पुन्हापुन्हा प्रश्न विचारून घेत असतो, आणि त्यांचे बरेवाईट फळ अशिलाच्या पदरात पडायला कधी कधी दहा वर्षे लागतात.

हे काम करायला नुसते कायद्याचे ज्ञान पुरत नाही, म्हणून पेटंट एजंट म्हणून नाव नोंदवण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा उत्तीर्ण होणे या अटी आपल्या कायद्याने घातल्या आहेत. न्यायालयात उभे राहायचे तर त्यावर कायद्याची पदवी, बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा ही वाट चालावी लागते. रसायनशास्त्र, औषधनिर्माण किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांत पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करणारा विद्यार्थी या क्षेत्रात विशेष उपयोगी ठरतो. त्याची पहिली काही वर्षे मात्र कष्टाची असतात. परीक्षकाने अर्जावर घेतलेल्या हरकतींना कलमवार उत्तरे लिहिणे, जपानी वा जर्मन पेटंटांची भाषांतरे धुंडाळून आपल्या अशिलाचा शोध त्यांहून कसा वेगळा आहे हे दाखवणे, आणि मुदतींची वही डोळ्यांत तेल घालून सांभाळणे, हेच त्याचे रोजचे काम. तात्पुरता अर्ज केल्यापासून 12 महिन्यांच्या आत संपूर्ण वर्णनाचा अर्ज रुजू झाला नाही तर मूळ अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो, आणि ती मुदत चुकली की संशोधकाची अग्रक्रमाची, म्हणजे शोध आधी कोणाचा हे ठरवणारी, तारीख कायमची जाते. या कामात विसराळूपणाला क्षमा नाही.

या विद्येला एक सार्वजनिक बाजूही आहे, आणि तिच्याविषयी मला विशेष आस्था वाटते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 सालच्या अहवालाच्या आधारावर 1970 चा पेटंट कायदा झाला, तेव्हा औषधाच्या प्रक्रियेला पेटंट द्यावे पण खुद्द औषधाला देऊ नये असे ठरले आणि त्या छायेत आपला औषधोद्योग वाढला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 1 जानेवारी 2005 पासून औषधालाही पेटंट द्यावे लागले. तरी लोकहिताच्या काही तरतुदी कायद्यात शिल्लक राहिल्या होत्या. यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या औषधाला महिन्याकाठी सुमारे 2 लाख 80 हजार रुपये पडत असताना, हैदराबादच्या नॅट्को कंपनीने तेच औषध सुमारे 8,800 रुपयांत देण्याची तयारी दाखवून सक्तीच्या, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवू देणाऱ्या, परवान्यासाठी अर्ज केला, आणि मार्च 2012 मध्ये तत्कालीन पेटंट नियंत्रकांनी मुंबईहून तो मंजूर केला. आपल्या देशातील असा हा पहिलाच परवाना होता. बायरला विक्रीवर रॉयल्टी मिळाली, अपिलात ती 6 टक्क्यांवरून 7 टक्के झाली, आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. या प्रकरणात दोन्ही बाजूंचे वकील एकाच विद्येत पारंगत होते. पेटंट मिळवून देणारा आणि त्या पेटंटावर लोकहिताची मर्यादा घालून घेणारा, या दोघांनाही समाजात सारखेच स्थान असले पाहिजे, आणि दुसऱ्या प्रकारच्या वकिलांची उणीव आपल्याकडे अधिक जाणवते, असे मला प्रांजळपणे वाटते.

तंत्रज्ञानाची वकिली ही याच घराण्यातील धाकटी शाखा. 1999 साली रेडिफ या मुंबईच्या कंपनीने, एका अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ हे संकेतस्थळाचे नाव घेणाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला, तेव्हा माहिती तंत्रज्ञानाचा कायदा अजून जन्मालाही आला नव्हता. आज याच न्यायालयापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेने उसना घेतलेला मानवी आवाज उभा आहे: 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास त्या न्यायालयाने मनाई केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो, त्यामुळे लहानसहान कंपन्याही सल्ल्यासाठी वकिलांकडे येऊ लागल्या आहेत. परंतु या शाखेतील वकिलाचा बहुतेक दिवस करारनाम्यांत जातो, आणि तेथील एक तपशील प्रत्येक संगणक व्यावसायिकाने ध्यानात ठेवावा असा आहे. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या संगणक प्रणालीचा कॉपीराइट, विरुद्ध करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या स्वतंत्र कारागिराकडून ती लिहून घेतली तर मात्र पैसे चुकते केले तरी हक्क साधारणतः लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि तो लेखी दस्तऐवजाने हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या दस्तऐवजात मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहायचा राहिला तर तो भारतापुरता धरला जातो. परदेशी गुंतवणूकदार दारात उभा असताना हे उघडकीस आले म्हणजे कंपनीच्या संस्थापकांना जुन्या सहकाऱ्याची मनधरणी करीत सह्या गोळा कराव्या लागतात. दोन ओळींच्या मजकुराने ते टळले असते.

आपल्या महाविद्यालयांतील प्राध्यापक व विद्यार्थी यांना मात्र एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. उपकरण तयार झाले की त्याचे प्रदर्शन भरवावे, वृत्तपत्रात छायाचित्र यावे, शोधनिबंध छापून यावा, ही हौस साहजिक आहे. पण शोध एकदा जगजाहीर झाला की, कायद्यातील मोजके अपवाद सोडले तर, त्यातील नावीन्य संपते आणि पुढे कितीही निष्णात वकील गाठला तरी त्याचा इलाज चालत नाही. व्यक्तीने किंवा शिक्षणसंस्थेने तात्पुरता अर्ज ऑनलाइन दाखल केला तर त्याचे शुल्क 1,600 रुपये आहे. निबंध संपादकांकडे रवाना करण्यापूर्वी तेवढा अर्ज अवश्य करावा.