खाल्लेलं अंगी लागत नाही तेव्हा

दहा-बारा वर्षांचं मांजर अचानक पिल्लासारखं खाऊ लागलं की घरच्यांना बरं वाटतं. पहाटे चारला ते सगळ्यांना उठवतं, मासळी साफ करायला घेण्याआधीच ओट्याशी हजर होतं, ताटली चाटूनपुसून लख्ख करतं. म्हातारपणी तब्येत सुधारली, असं घरात कौतुकानं बोललं जातं. पण पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणके एकेक करून हाताला लागतात. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल तर ते आजारी आहे, हे धरून चालावं. भूक चांगली असल्यामुळेच हा आजार उशिरा लक्षात येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उतारवयातल्या मांजरांत यामागे बरेचदा थायरॉइड ग्रंथी असते. गळ्यात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन छोटे भाग असतात. त्यांत गाठी वाढतात. त्या बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, पण मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा आदेश न जुमानता संप्रेरक ओतत राहतात. सगळ्या शरीराचा वेग वाढतो. हृदय जोरात धावतं, बऱ्याच मांजरांचा रक्तदाब चढतो, आणि पोटात जाईल त्यापेक्षा जास्त ऊर्जा जळते. ती तूट शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून भरून काढतं. रात्रीबेरात्री मोठ्यानं ओरडणं, अस्वस्थ येरझाऱ्या, वारंवार उलट्या, विस्कटलेले केस ही त्याचीच लक्षणं.

मांजरांमधल्या या विकाराचं पहिलं सविस्तर वर्णन न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी 1979 मध्ये केलं. आज तो वयस्क मांजरांच्या नेहमीच्या आजारांत गणला जातो. डबाबंद खाद्य, गाद्या-सोफ्यांत वापरली जाणारी अग्निरोधक रसायनं यांच्यावर संशोधकांनी संशय घेतला, पण एकच एक कारण अजून सिद्ध झालेलं नाही. निदान मात्र सोपं आहे: रक्तातल्या टी-4 या संप्रेरकाची पातळी तपासायची. अगदी सुरुवातीला ती सामान्यही येऊ शकते, म्हणून संशय असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावी लागते. उपचाराला मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलच्या गोळ्या असतात. माणसांनाही हीच औषधं देतात, पण म्हणून घरातल्या कुणाची गोळी तोडून मांजराला घालू नये.

खरी गुंतागुंत पुढे आहे. थायरॉइड जोरात असताना मूत्रपिंडांतून रक्त जास्त वेगानं वाहतं आणि गाळण्याचं काम वाढतं. शिवाय मूत्रपिंडाच्या तपासणीत जे क्रिएटिनिन मोजतात ते स्नायूंतून येतं, आणि इथे स्नायूच झिजलेले असतात. त्यामुळे आकडा चांगला दिसतो आणि आतला मूत्रपिंडाचा आजार झाकला जातो. गोळ्या सुरू झाल्या, वेग उतरला, की तो उघडा पडतो. औषधानं मूत्रपिंड बिघडवलं असं घरच्यांना वाटतं आणि ते गोळ्या बंद करतात. म्हणूनच डोस लहान ठेवून सुरुवात करतात आणि काही आठवड्यांत रक्त पुन्हा तपासतात. ही दुसरी तपासणी चुकवू नये.

मधुमेहातही मांजर खातं आणि वाळतं. इन्सुलिनचं काम नीट होत नसल्यानं रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. ही साखर लघवीतून पाणी ओढून नेते, म्हणून पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं आणि लिटरमधले ओले गोळे मोठे दिसू लागतात. मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते, पण तिथे भूक हळूहळू मंदावते. आतड्याला जुनाट सूज असेल किंवा दाताचं मूळ दुखत असेल, तरीही वजन उतरतं. दात दुखणारं मांजर ताटलीपर्यंत येतं, वास घेतं आणि मागे फिरतं.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मूत्रपिंडाचा आजार असलेल्या शेकडो मांजरांच्या वजनाच्या जुन्या नोंदी तपासल्या. निदान होण्याच्या तीन वर्षं आधीपासून वजन उतरू लागल्याचं त्यांत दिसलं. इतकं आधी डोळ्यांना काहीच कळत नाही. लव दाट असते, पोटाची सैल घडी लोंबत राहते, आणि स्नायू आधी जातात ते पाठीचे. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम कमी होणं हे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो कमी होण्याइतकं आहे. बाथरूममधल्या काट्यावर एवढा फरक भरवशानं कळत नाही. बाळांचा वजनकाटा चांगला. सात-आठ वर्षांपुढच्या मांजराचं वजन दर महिन्याला करून तारखेसह लिहून ठेवावं आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यावी.

एका बाबतीत मात्र पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट पाहू नये. मांजर उपास करून आपोआप बरं होतं, ही समजूत धोक्याची आहे. विशेषतः लठ्ठ मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, तिथे साचते आणि यकृताचं काम अडवते. हिरड्या आणि कानांची आतली बाजू पिवळी पडू लागते. अशा वेळी बहुधा नळीतून अन्न द्यावं लागतं, तेही काही आठवडे. उपचार वेळेत सुरू झाले तर यातली बरीच मांजरं पुन्हा स्वतःहून खाऊ लागतात.