उन्हाळी गिरिभ्रमण : आरोग्य, आनंद आणि कर्तव्य

उन्हाळ्याची सुटी लागली की शहरवासीयांची पावले थंड हवेच्या ठिकाणांकडे वळतात. परंतु गर्दीपासून दूर, स्वतःच्या पायांनी डोंगर चढून लाभणारा विसावा काही वेगळाच असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसूबाई शिखर हे याचे उत्तम उदाहरण होय. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून वाट निघते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या असून माथ्यावर कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे. तेथून भंडारदऱ्याचा जलाशय नजरेत भरतो.

तनामनाला लाभ

चढणीच्या चालीने हृदय, फुप्फुसे व पायांचे स्नायू यांना उत्तम व्यायाम घडतो. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चढावे. पाऊल आणि श्वास यांचा मेळ बसला, की मन आपोआप वाटेवर स्थिरावते व दैनंदिन विवंचना मागे पडतात. मे महिन्यातील करवंदांच्या जाळ्या आणि पावसाच्या तोंडावर झाडांवर लुकलुकणारे काजवे हा या परिसराचा आणखी एक ठेवा.

थंड हवा, कडक ऊन

दर १००० मीटर उंचीमागे हवेचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने घटते. त्यामुळे माथ्यावरील हवा सुखद भासते. ऊन मात्र सौम्य होत नाही. काळा कातळ तापून खालूनही उष्णता देतो. म्हणून पहाटे चढाई सुरू करून ऊन तापण्यापूर्वी उतरणीस लागणे श्रेयस्कर. डोके झाकलेले असावे. डोकेदुखी, मळमळ, स्नायूंत गोळे येणे ही लक्षणे दिसताच सावलीत थांबून पाणी घ्यावे. सोबती असंबद्ध बोलू लागल्यास तो उष्माघात समजून त्याचे अंग ओले करावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पाणी आणि वणवा

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो, पण तीव्र उतारांवरून तो वेगाने वाहून जातो. कठीण कातळात पाणी फारसे मुरत नाही. परिणामी मे महिन्यात डोंगराळ गावांतील अनेक विहिरी व झरे आटतात आणि हंडाभर पाण्यासाठी महिलांना पायपीट करावी लागते. अशा गावी पाहुण्याने भरून घेतलेली बाटली ही कुणाच्या तरी हंड्यातूनच येते. म्हणून प्रत्येकाने किमान ३ लिटर पाणी घरूनच न्यावे. वाळलेल्या गवतात एक ठिणगीही वणवा पेटविते. हा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे विडी, सिगारेट वा चूल पेटविणे कटाक्षाने टाळावे.

डोंगरपायथ्याच्या ग्रामपंचायतींनी पाण्याच्या स्थितीचा फलक लावावा, कचरा परत नेण्याचा दंडक घालावा आणि गावातील तरुणांना वाटाडे म्हणून पुढे आणावे. शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना या गोष्टी समजावून द्याव्यात. पाहुणा ताजातवाना होऊन परतला आणि गावचा हंडाही भरलेला राहिला, तरच गिरिभ्रमण खऱ्या अर्थाने आरोग्यदायी ठरेल.