गाव वाढतंय, मत कोणाला द्यायचं?

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, म्हणून बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीला मोठी यात्रा भरते. 5 ऑक्टोबर 2024 ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. गावात येणं-जाणं वाढलं.

मानोऱ्याला नगरपंचायत आहे, तिथे नगरसेवक निवडून येतात. पोहरादेवीला ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात. मत द्यायला वय 18 पूर्ण हवं, उभं राहायला 21. महिलांना निम्म्या जागा राखीव असतात.

आता खरा प्रश्न बघा. यात्रेकरू इथले मतदार नाहीत. पण पाणी, रस्ता, शौचालय त्यांनाही लागतंच ना? वित्त आयोगाचा निधी वाटताना मुख्यतः गावची लोकसंख्या बघतात, यात्रेची गर्दी नाही. मग खर्च भागवायचा कसा? जत्रेवर आणि यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. पण लांबून पायी आलेल्या गरीब भाविकाकडून पैसे घ्यायचे, की गावाची घरपट्टी वाढवायची?

दोन्हीकडे कुणीतरी नाराज होणारच. म्हणून उमेदवार दारात आला की फक्त हात जोडून पाठवू नका. यात्रेच्या दिवसांत आमच्या वॉर्डात पाणी कसं येईल, कचरा कोण उचलेल आणि त्याचे पैसे कुठून येतील, हे विचारा. ज्याच्याजवळ हिशेब आहे, त्याचा विचार करा.