शर्यतीची रिमोट बग्गी : काय बदलावे, काय वाचवावे

आज समोर शाळकरी मुले बरीच दिसताहेत आणि त्यांच्या शेजारी, खिशाला हात लावून बसलेले पालकही दिसताहेत. दोघांच्याही उपयोगाचे बोलायचा आमचा प्रयत्न राहील.

टेबलावर आम्ही दोन वस्तू ठेवल्या आहेत. डावीकडे ॲल्युमिनियमचा निळा, चकचकीत सस्पेन्शन आर्म. उजवीकडे नाकाजवळ आरपार चिरलेली चासी. दोन्ही एकाच गाडीच्या आहेत. आर्मवर साधा ओरखडासुद्धा नाही. चासी मात्र कामातून गेली. ही गाडी आमच्या गटातल्या सगळ्यात लहान मुलाची. दहावीत आहे. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने ती घेतली होती. शर्यतीच्या आधी प्लास्टिकचे आर्म काढून त्याने हे धातूचे बसवले, आणि दुसऱ्याच फेरीत गाडी कडेच्या पाइपवर आदळली. आता खरी गोष्ट सांगतो : धातूचे आर्म घे, मजबूत असतात, हा सल्ला आमचाच होता. तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे थोडीफार त्याची भरपाई समजा.

मार किती बसतो?

आपण १/१० आकाराच्या इलेक्ट्रिक बग्गीबद्दल बोलतोय. वजन साधारण दीड किलो. वेग ताशी ४० किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. एखादी वस्तू सहा मीटर उंचीवरून खाली पडली की जमिनीशी तिचा वेग जवळपास एवढाच असतो. थोडक्यात, पाइपवर समोरून आदळणे म्हणजे गाडी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नाकावर टाकणे. टीव्हीचा रिमोट आपण तिथून टाकू का? मग गाडीचं काही झालं नाही तरच नवल मानायचं!

त्या वेगातली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. गाडी पाच मिलिमीटरमध्ये थांबली तर जेवढे बल लागते, त्याच्या सरासरी एक चतुर्थांश बल ती वीस मिलिमीटरमध्ये थांबली तर लागते. हे पंधरा मिलिमीटर मिळवून देणे, यालाच आम्ही संरक्षण म्हणतो. नायलॉनचा आर्म वाकतो, मार खातो, पुन्हा सरळ होतो. फारच मार बसला तर स्वतः मोडतो. ॲल्युमिनियमचा आर्म जवळपास वाकतच नाही. तो सगळा धक्का पुढच्याच्या हवाली करतो आणि पुढची असते चासी. आर्म स्वस्तात येतो आणि चार स्क्रू काढून बदलता येतो. चासी बदलायची तर अख्खी गाडी मोकळी करावी लागते.

जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. १९८४ साली टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीची आरसी १० ही बग्गी आली. तिची चासी ॲल्युमिनियमची, शॉक तेलाचे. पण आर्म? नायलॉनचे. धातू हाताशी होता, तरी जिथे मार बसतो तिथे त्यांनी तो घातला नाही. हे आमच्या लक्षात आधी यायला हवे होते.

बदल कुठून सुरू करायचे

त्याच १९८४ साली जपानच्या टामिया कंपनीची ग्रासहॉपर आली. २००५ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली गेली आणि आजही अनेकांची पहिली गाडी तीच असते. आपण उदाहरणाला तीच घेऊ. तिची बॉडी कडक प्लास्टिकची, मोटर ३८० आकाराची लहानशी, शॉकमध्ये तेल नाही, नुसती स्प्रिंग. मागे गिअरबॉक्स, मोटर आणि दोन्ही चाके मिळून एकच भाग वर-खाली होतो.

ही गाडी हातात आली की प्रत्येक जण पहिल्यांदा काय करतो? मोठी मोटर घालतो. ५४० आकाराची मोटर तिच्यात बसतेही. पण मग काय होतं बघा. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके जागीच फिरतात, खडबडीत जमिनीवर मागची बाजू उड्या मारते, वळणावर गाडी उलटते. जोर वाढला, तो जमिनीपर्यंत पोहोचवणारे काहीच सुधारले नाही. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार. म्हणून आमचा क्रम असा आहे :

१. बेअरिंग. स्वस्त गाड्यांत चाकाच्या दांड्याला साध्या बुश असतात. त्यात धूळ जाते, दांडा घासतो, बॅटरी वाया जाते. त्या जागी बॉल बेअरिंग घाला. टामियाच्या गाड्यांत बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटर व्यासाचे माप बऱ्याच ठिकाणी चालते. आधी आणि नंतर चाक बोटाने फिरवून पाहा. फरक डोळ्यांना दिसतो.

२. तेलाचे शॉक. स्प्रिंग धक्का घेते, पण लगेच परत फेकते. तेल त्या परत फेकण्याला आवर घालते. तेल पातळ असेल तर चाक खड्ड्यांवर चटकन हलते. घट्ट असेल तर उडीनंतर चासी जमिनीला आपटत नाही. शॉक भरताना आतली हवा पूर्ण काढा. दांडा वर-खाली करताना ‘चुळूक’ असा आवाज आला, तर हवा राहिली म्हणून समजा. आपल्याकडे मे महिन्यात तेच तेल पातळ वागते, म्हणून थंडीत बसवलेली गाडी उन्हाळ्यात मऊ वाटली तर घाबरू नका, एक नंबर घट्ट तेल घाला.

३. टायर. भुसभुशीत मातीला उंच खुंट्यांचे, कडक वाळलेल्या मातीला बारीक आणि बुटक्या खुंट्यांचे. रिमला झटपट गोंदाने नीट चिकटवा, नाहीतर भर वळणावर टायर रिम सोडतो.

४. मोटर आणि गिअर. हे शेवटी. इथे थोडे गणित आहे, पण सोपे आहे.

आता ग्रासहॉपर बाजूला ठेवू आणि हल्लीची शर्यतीची गाडी घेऊ. मोटरवरचा लहान गिअर म्हणजे पिनियन, त्याला जोडलेला मोठा तो स्पर. स्पर ८१ दातांचा, पिनियन २३ दातांचा आणि गिअरबॉक्सचे आतले प्रमाण २.६ असेल, तर ८१ भागिले २३ गुणिले २.६ म्हणजे साधारण ९.२. मोटरचे ९.२ फेरे, तेव्हा चाकाचा एक. पिनियन २१ दातांचा केला की हेच प्रमाण १० होते. कमाल वेग कमी, पण मोटरवरचा ताण कमी आणि वळणातून निघताना गाडी चपळ. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर हाच गिअर जिंकतो.

पिनियन बदलल्यावर दोन गोष्टी करायच्याच. दोन्ही गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून ते जवळ आणा, मोटर आवळा, मग पट्टी फिरवून काढा. कागदाइतकी फट राहिली पाहिजे. आणि पाच मिनिटे गाडी चालवून मोटरचे तापमान पाहा. ७५ अंशांच्या वर गेले तर पिनियन लहान करा. फार तापल्या की मोटरमधल्या चुंबकांची ताकद जाते आणि थंड झाल्यावरही ती परत येत नाही.

संरक्षण : स्वस्त उपाय

यातले बहुतेक उपाय घरात होतात.

नायलॉनचे नवे आर्म उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि मग थंड होऊ द्या. नायलॉन पाणी शोषते, आणि पाणी शोषलेले नायलॉन कोरड्यापेक्षा चिवट असते. कोरड्या हवेत महिनोन्‌महिने डब्यात पडलेला आर्म काचेसारखा तुटतो, त्याचे कारण हेच. बटाटे उकडायच्या पातेल्यात मात्र करू नका; आमच्या घरी त्यावरून व्हायचे ते झाले आहे.

पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी आतून रंगवतात. ओरखडे बाहेर पडतात, रंग आत सुरक्षित राहतो. चाकांच्या कमानी आणि नाक इथे ती पहिल्यांदा फाटते. तिथे आतून प्लास्टरवाले भिंतीच्या भेगेवर लावतात ती फायबरची जाळीची पट्टी ठेवा आणि वर बुटांचा रबरी गोंद पसरा. लवचीक राहणारा गोंदच हवा. कडक गोंद पहिल्या आपटीत सुटतो.

स्टीअरिंगच्या सर्व्होवर ‘सर्व्हो सेव्हर’ नावाची स्प्रिंग असते. चाकाला बसलेला धक्का ती सर्व्होच्या दातांपर्यंत जाऊ देत नाही. काही जण स्टीअरिंग कडक लागावे म्हणून ती काढून टाकतात. चांगली कडक स्प्रिंग घाला, पण काढू नका.

धातूत बसणाऱ्या धातूच्या स्क्रूला थ्रेडलॉकचा एक थेंब लावा. प्लास्टिकला ते लागू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. कार्बन फायबरच्या पट्ट्यांच्या कडांवर झटपट गोंदाचा पातळ हात फिरवा, म्हणजे थर सुटत नाहीत.

बॅटरी : इथे गंमत नाही

आर्म मोडला तर पैसे जातात. लिथियम पॉलिमर बॅटरी बिघडली तर घर जाऊ शकते. म्हणून हा भाग पालकांनी ऐकावा.

दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणतात. पूर्ण भरली की ८.४. एका सेलचा व्होल्ट ३ च्या खाली कधीही जाऊ द्यायचा नाही. कंट्रोलरमधला कट-ऑफ ३.२ ला ठेवा. आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने चार्ज करा, घाई नको.

एकदा उडीनंतर आमच्या गाडीच्या पोटात दगड लागला. बॅटरीच्या कोपऱ्याला खोक पडली होती. एवढ्याने काय होतंय म्हणून ती चार्जिंगला लावली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा धूर होता. नशिबाने ती गॅलरीत, फरशीवर ठेवली होती. फरशीवरचा काळा डाग अजून आहे, मुद्दाम पुसलेला नाही. तेव्हापासून नियम : चार्जिंग चालू असताना माणूस समोर हवा, खाली न जळणारी जागा हवी, आणि फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लागत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका आईंचा प्रश्न : या छंदात पैसे किती घालायचे? हा थांबतच नाही.*

ताई, आम्ही एक वही ठेवायला सांगतो. काय मोडले, कधी, कशाने. जो भाग दोनदा मोडला त्याच्यावरच खर्च. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या होतात; गाडीत दहा नवे भाग आणि चालते पहिल्यासारखीच.

*एका मुलाचा प्रश्न : पावसात चालवली तर?*

कंट्रोलर आणि सर्व्हो पाण्यात चालणारे असतील तर चालव. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांध. खरे काम घरी आल्यावर आहे. चाके काढ, चिखल ब्रशने काढ, गाडी वाळव, बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोड. तसेच ठेवलेस तर दोन दिवसांत बेअरिंग गंजून आवळतात.

*आणि त्या दहावीतल्या मुलाचे पुढे काय झाले?*

तो तिथे मागे बसलाय. चासी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून आणली, ती आमच्याकडे लागू होती. आता गाडीला नायलॉनचे आर्म आहेत, पेटीत दोन जादा. मागच्या शर्यतीत एक मोडला. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्याने तो दहा मिनिटांत बदलला आणि अंतिम फेरी पूर्ण केली. पाचवा आला. निळा आर्म त्याने आम्हाला दिला, म्हणाला, ‘व्याख्यानात दाखवायला ठेवा.’ व्याख्यान संपल्यावर पुढे या, दोन्ही वस्तू हातात घेऊन बघा.