कुसकुस, पण गव्हाशिवाय!

बालमित्रांनो, 'कुसकुस' म्हटल्यावर तुम्हांला वर्गातली कुजबुज आठवली ना? पण हा चक्क खायचा पदार्थ आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या उत्तर आफ्रिकेतल्या देशांत तो घरोघरी होतो. गव्हाच्या रव्यावर पाण्याचा शिपका मारायचा, थोडं पीठ भुरभुरायचं आणि तळहातानं गोल गोल फिरवत बारीक दाणे वळायचे. मग खाली रस्सा रटरटतोय आणि वर भोकांच्या भांड्यात हे दाणे त्याच वाफेवर शिजताहेत! थेट आपलं मोदकपात्रच की.

आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलीनं टीव्हीवर हे पाहिलं आणि आली धावत. "काकू, मला करून द्याल?" मी पेचात पडले. कारण तिला सीलिॲक हा आजार आहे. गहू तिला अजिबात चालत नाही.

का चालत नाही? त्यासाठी एक प्रयोग करा. कणकेचा घट्ट गोळा भांडंभर पाण्यात चोळत राहा. पांढरं पाणी निघून जाईल आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरेल. तेच ग्लुटेन. त्याच्यामुळे पोळी ताणली जाते; भाकरीच्या पिठात ते नसतं, म्हणून आजी आधी उकळतं पाणी घालते. सीलिॲक असलेल्यांच्या पोटात ग्लुटेन गेलं, की शरीर आपल्याच लहान आतड्यावर हल्ला चढवतं. तिथली अन्न शोषणारी मखमली लव झिजते. मग कितीही खा, अंगी लागत नाही.

हे कोडं नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडलं. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे पावाचा तुकडा मिळेना. सगळा देश उपाशी, पण ही आजारी मुलं मात्र सुधारली! पाव परत आला, तशी पुन्हा आजारी पडली. पुढे १९५० साली डिके यांनी यावर प्रबंधच लिहिला.

तर आमचं कुसकुस. मी वरी घेतली, उपासाची भगर हो! वाटीभर वरी धुऊन निथळली, चमचाभर तुपावर परतली, दोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवलं. पाणी आटल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. ढवळायचं नाही, नाहीतर खीर होते! मग काट्यानं दाणे मोकळे करायचे. वर गाजर, भोपळा, काबुली चण्यांचा रस्सा. ज्वारीच्या कण्याही छान लागतात, पण त्या रात्रभर भिजवाव्या लागतात. (गव्हाचा दलिया मात्र नको. जवही नको, त्यातही ग्लुटेनचाच भाऊबंद असतो.)

पोरगी खूश! आणि रात्री पोट धरून बसली. मी तर घाबरूनच गेले. तिच्या आईनं माझ्या स्वयंपाकघरातली एकेक डबी तपासली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : गव्हाचं पीठ. रश्श्याला मी चिमूटभर हिंग घातला होता, बस्स, तेवढाच.

तेव्हापासून मी डब्या वाचते. ज्वारीचं दळणही गव्हानंतर लगेच गिरणीत टाकत नाही, कारण जात्यात गव्हाचं पीठ राहिलेलं असतं. तिच्या घरी तर चाळणी आणि पोळपाटही वेगळे आहेत. पालकांनो, एक सांगायलाच हवं. मुलाला हा आजार असेल अशी शंका आली, तर आपल्या मनानं गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गहू आधीच थांबवला, तर तपासणीत आजार सापडत नाही.

आणि गंमत ऐका. सेनेगलमध्ये कुसकुस बाजरीचंच करतात! बाजरी मुळात आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. हे सांगितल्यावर आमची शेजारीण म्हणाली, "मग काकू, पुढच्या रविवारी बाजरीचं. हिंग मी आणते."