विमानप्रवासातील डोकेदुखी : चार शब्दप्रयोग आणि त्यांमागील कारणे

नागपूर शहराच्या दक्षिणेकडील, वर्धा मार्गानजीकच्या मनीषनगर या वस्तीस विमानाचा आवाज नवा नाही. सोनेगावचा विमानतळ तेथून जवळच आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री याच तळावर एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. आता अशा वस्त्यांतील वृद्ध आईवडील मुलानातवंडांच्या भेटीस अमेरिकेपर्यंत जातात. वाटेतील मुक्काम धरता या प्रवासात बहुधा एक अहोरात्र जाते. त्यात ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांपैकी डोकेदुखी ही एक होय. परंतु ‘डोके दुखते’ एवढे सांगितल्याने तिचे कारण कळत नाही, आणि कारण न कळता केलेला उपाय पुष्कळदा वाया जातो.

दुखण्याचे प्रकार वेगळे ओळखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील सूर्यावर्त हा सूर्य चढतो तसा वाढतो आणि उतरतो तसा शमतो. अर्धावभेदकात अर्धे मस्तक दुखते. मराठीतील ‘अर्धशिशी’ या शब्दात हेच ‘अर्ध’ आहे, आणि ज्या ग्रीक शब्दापासून इंग्रजीतील ‘मायग्रेन’ आला, त्याचाही अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच होतो. बोलीतील शब्दप्रयोग तर याहून सूक्ष्म आहेत. डोक्यात सणक येते, डोके ठणकते, डोके जड होते, डोके आवळून येते. यांतील सणक क्षणात येणारी, ठणका ठेका धरून चालणारा, जडपणा हळूहळू भरणारा व टिकून राहणारा, तर आवळणे म्हणजे बाहेरून दाब पडल्याचा भास. विमानातील डोकेदुखीची मुख्य कारणे या चार शब्दांच्या आधारे बऱ्याच अंशी निरनिराळी करता येतात.

प्रथम सणक घेऊ. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब जमिनीवरील दाबाइतका ठेवलेला नसतो. तो अधिकात अधिक सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावरील दाबाइतका उतरू दिला जातो. समुद्रसपाटीच्या मानाने हा दाब सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. विमान उतरू लागले की तो पुन्हा वाढतो. कपाळ व गाल यांच्या हाडांतील पोकळ्यांची नाकाकडील वाट सर्दीने बुजली असेल, तर आतील व बाहेरील दाबांचा मेळ बसत नाही. विमान उतरताना एका बाजूस, डोळ्याच्या वर किंवा भोवती टोचल्यासारखी तीव्र कळ येते आणि चढणे वा उतरणे संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती शमते, असा एक स्वतंत्र प्रकार २००४ साली प्रथम नोंदला गेला. २०१३ साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात त्यास स्थान मिळाले. दाबातील फरक हेच त्याचे कारण असावे, असे मानले जाते. भर सर्दीत प्रवास शक्य तर पुढे ढकलावा. ज्यांना ही कळ वारंवार येते, त्यांनी नाक मोकळे करणारे थेंब किंवा आधी घ्यावयाची वेदनाशामक गोळी यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर विचारल्यावाचून हे थेंब वापरू नयेत. उतरताना खडीसाखर चघळत गिळत राहिल्याने कानांतील दडे सुटतात.

ठणका हे बहुधा अर्धशिशीचे लक्षण होय. जागरण, उपाशीपोट, मद्य, प्रखर उजेड व उग्र वास ही तिला चेतविणारी कारणे लांबच्या प्रवासात एकत्र येतात. म्हणून जेवणाच्या वेळा चुकवू नयेत, डोळ्यांवर पट्टी घ्यावी आणि नेहमीचे औषध सामानात न टाकता हाताशी ठेवावे. ते दुखण्याच्या आरंभीच घेतल्यास अधिक गुण येतो.

डोके जड होण्याची कारणे मिश्र असतात. उंचावरील विरळ दाबामुळे रक्तातील प्राणवायू थोडा घटतो. विमानातील हवेची आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांहूनही कमी असते, आणि प्रसाधनगृहात वारंवार उठावे लागू नये म्हणून वृद्ध माणसे पाणी पिण्याचेच टाळतात. तिसरे कारण चहाचे. ज्यास रोज २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेण्याची सवय आहे, त्याचे ते अकस्मात थांबल्यास २४ तासांच्या आत डोके दुखू शकते. अशा वेळी गोळीपूर्वी पाणी आणि नेहमीचा चहा यांचा विचार करावा.

आवळल्यासारखे दुखणे मान व खांदे यांच्या ताणाचे असू शकते. बसल्या जागी मान एका कुशीस पडून झोप लागली की ते वाढते. मानेस आधार देणारी उशी, अधूनमधून उठून चालणे आणि खांदे सैल करणे एवढ्याने ते पुष्कळदा ओसरते. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी शेजाऱ्याने देऊ केलेली वेदनाशामक गोळी घेऊ नये.

ही वर्गवारी ढोबळ आहे. एका प्रवासात दोन प्रकार एकत्रही येतात. परंतु तिचा खरा उपयोग धोक्याच्या वेळी कळतो. पूर्वी कधी न झालेली, क्षणार्धात शिगेस पोचलेली डोकेदुखी, ज्वर व मान ताठ होणे, एका अंगाची शक्ती जाणे, वाचा अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास विमानातील सेवकवर्गास तत्काळ बोलावले पाहिजे. येथे ‘जड’ या शब्दाने घोटाळा होण्याचा संभव आहे. ‘डोके जड झाले’ हे पुष्कळदा तहानेचे लक्षण असते; ‘जीभ जड झाली’ हे मेंदूतील रक्तप्रवाह खंडित झाल्याचे लक्षण असू शकते, आणि तेथे प्रत्येक मिनिटास मोल असते. मराठी न जाणणाऱ्या सेवकापर्यंत दोन्ही विधाने केवळ ‘बरे वाटत नाही’ एवढीच पोचली, तर दोहोंवर पाण्याचा पेला हाच उपाय होईल.

यास्तव एकट्याने प्रवास करणाऱ्या वृद्धांच्या खिशात मुलांनी एक चिठ्ठी घालून द्यावी. तिच्यावर चालू औषधे व जुने आजार लिहावेत, आणि खाली वरील चार प्रकार व धोक्याची लक्षणे मराठी व इंग्रजीत समोरासमोर द्यावीत. म्हणजे बोट ठेवून सांगता येईल. दुखणे कोठे आहे, केव्हा सुरू झाले आणि कसे आहे, हे तीन प्रश्न कोणताही डॉक्टर प्रथम विचारतो. त्यांची उत्तरे प्रवाशाच्या स्वतःच्या भाषेत आधीच सिद्ध असतात. ती आकाशात दुसऱ्यास कळतील एवढी तजवीज जमिनीवर असतानाच करावयाची असते.