माणूस की यंत्र?

सोंग घेणारा कितीही चतुर असला, तरी त्याचे खरे रूप चालण्याबोलण्यातून केव्हातरी प्रकट होतेच. संगणकाच्या जगातही अशी सोंगे वावरतात. माणसाप्रमाणे कामे उरकणाऱ्या आज्ञावलींना ‘बॉट’ असे म्हणतात. सर्वच बॉट उपद्रवी नसतात. परंतु दुष्ट हेतूने योजलेले बॉट क्षणार्धात शेकडो तिकिटे बळकावतात आणि प्रामाणिक प्रवासी तिकिटावाचून राहतो.

यावर उपाय म्हणून इ. स. २००० च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस व्हॉन आन, मॅन्युएल ब्लम आदी संशोधकांनी एक परीक्षा तयार केली. तिचे नाव ‘कॅप्चा’. वेडीवाकडी अक्षरे माणसाने ओळखावीत व यंत्राने तेथे अडखळावे, ही तिच्यामागील कल्पना होय. पुढे यंत्रेही वाचावयास शिकली. आपली यंत्रणा अशी कठीण अक्षरे ९९.८ टक्के अचूक वाचते, असे २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले. शिवाय मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर ती अक्षरे वाचणे माणसालाच जड जाते!

तथापि, या पडद्यापाशी निराळ्या खुणा सापडतात. आपले बोट पडद्यावर सरकते, तेव्हा त्याची वाट किंचित वाकडी होते. वेगही कमीअधिक होतो. टेकलेल्या बोटाचा ठसा कधी मोठा, तर कधी लहान असतो. हातातील फोन सूक्ष्मपणे हलतो आणि ती हालचाल फोनमधील गतिमापक टिपतो. साधा बॉट मात्र सरळ रेषेत जातो, नेमक्या मध्यबिंदूवर दाबतो आणि त्याचा फोन निश्चल असतो.

परंतु फोन मेजावर ठेवून वापरणारा मनुष्यही असतोच. उलट, धूर्त बॉट मुद्दाम वाकडी रेषा काढतो. म्हणून एकाच खुणेवर निर्णय न देता अनेक खुणा एकत्र पडताळून पाहतात. तरीही तो अंदाजच असतो.

अंदाज चुकला, तर अन्याय होतो. कंप पावणाऱ्या हातांच्या वृद्धाला यंत्र ठरवावे काय? अंध व्यक्तीने चित्रे कशी ओळखावीत? तिच्यासाठी ध्वनीची परीक्षा ठेवतात. परंतु जिला ऐकूही येत नाही, तिने काय करावे?

राखणदाराने चोराला अवश्य अडवावे. परंतु घरचाच माणूस उंबऱ्याबाहेर राहिला, तर त्या राखणीचा काय उपयोग?